भारमान

तहसीलातल्या साहेबांनी दोनशे फॉर्म दिले,
क्लिपवालं पॅड दिलं, म्हणाले,
ढोके, तुम्ही या रोडचे जुने कंडक्टर,
लोक तुमच्याशी मोकळं बोलतील.
वाहतुकीचा आराखडा व्हायचाय.
जनतेचं म्हणणं पाहिजे.

जनतेचं म्हणणं रकान्यात मावत नाही,
हे पहिल्याच घरी कळलं.
प्रवासाचा उद्देश: शिक्षण, आरोग्य, बाजार, इतर.
मुनाफभाई टोस्टवाले म्हणाले,
पोरगी दिग्रसले देल्ली.
तिच्या हातचा चहा प्यायचा अन् वापस यायचं.
हे कोनत्या चौकटीत बसते, सांगा.

तांड्यावरची निकिता चव्हाण उभ्यानंच बोलली.
निळी बस साडेदहाले येते,
शाळाई साडेदहालेच भरते.
मांगच्या साली आमी अकरा पोरी होतो, आता चार.
बाकीच्या कुठं गेल्या, मी विचारलं.
थो प्रश्न हाये का तुमच्या फॉर्ममधी?
नव्हता.

दौलत शिंपी मशीन न थांबवता सांगत होता:
काळीपिवळी भरल्याबिगर हालत नाई,
डॉक्टर बाराले उठून जाते.
म्हून मी पयले ड्रायव्हरले इचारतो, किती झाले.
मंग ठरवतो, आज पोट दुखते का नाई.
हसलो दोघंही. मी 'आरोग्य'वर खूण केली.

बेलोरी फाट्याच्या निवाऱ्यात आता
कोणाचं तरी कुटार भरलंय.
भिंतीवर वेळापत्रक अजून आहे,
आकडे गेलेत,
'मुक्कामी' एवढं वाचता येतं.

ती माझी गाडी.
नऊ वर्षं मी इथल्या पारावर झोपलो,
तिकिटाचं मशीन उशाशी घेऊन.
सकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरून
पितळी तांब्यात पाणी यायचं, तोंड धुवायला.

फॉर्मवर अकरावा प्रश्न आहे:
पूर्वीची सेवा बंद होण्याचे कारण (माहीत असल्यास).
कोणी म्हणालं रस्ता. कोणी राजकारण.
कोणी म्हणालं, गावच तसलं हाये बाप्पा.
मी जसंच्या तसं लिहीत गेलो,
अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

आगाराचं पत्र मी पाहिलंय.
भारमान एकवीस टक्के. प्रवासी नाहीत.
आणि गाडी तर दारापर्यंत भरलेली असायची,
कोंबड्या, पोती, नवरदेवाकडचे पाहुणे,
पायरीवर बोटं टेकून उभी पोरं.

अर्धं भाडं, तिकीट नाही.
त्यांनाही परवडायचं, मलाही.
म्हाताऱ्यांकडून तेही घेत नव्हतो,
त्याचं पुण्य मी फार दिवस धरून होतो.
मशीन माणसं मोजत नाही.
रात्री गावात चाळीसजण उतरायचे,
कागदावर नऊ.

शेवटचं घर जनकाबाई ढोणेचं.
बाज टाकली, पाणी दिलं.
बस ढोके. तू भला मानूस,
मले कदी तिकीट नाई मांगतलं.
तुह्यासारखा कंडक्टर रायला असता
तं गाडी कायले बंद झाली असती?

क्लिप उघडली, मिटली. उघडली.
विचारलं, महिन्यातून किती वेळा जाता, बाई?
जा लागते चारदा. जाते एकदा.
जागा एकाच आकड्याची होती.
चार लिहिला.
साहेब विचारतील तर विचारोत.
अकरावा प्रश्न तिला विचारला नाही.

एकशे नव्व्याण्णव फॉर्म जमा केले.
साहेबांनी मोजले, एक कमी आहे म्हणाले.
म्हटलं, खराब झाला.

तो शर्टाच्या वरच्या खिशात आहे,
जिथं सुट्या नोटा असायच्या.
वर नाव लिहिलंय, गाव लिहिलंय,
जुना बिल्ला नंबरही, कोणी मागितला नसताना.
एक ते दहा भरून झाले.